उन्हात वाळवलेला दोर

"तुमची पोर मुंबईत काय करते?" असं कोळीवाड्यात कुणी विचारलं, की माझा बा सांगायचा, "ती दोऱ्यांना दिवा दाखवते." ऐकणारे खो खो हसायचे आणि मी जळफळायचे. एवढी बी.एस्सी. झाले, वाड्यातली पहिली शिकलेली मुलगी, आणि हा माणूस मला देवळातल्या गुरवासारखी दिवा दाखवायला बसवतो! पण आता म्हातारपणी वाटतं, बाने सांगितलं त्याहून नेमकं मलाही सांगता आलं नसतं.

साठ सालाच्या पुढची ही गोष्ट. मुंबईत एका प्रयोगशाळेत मी नोकरीला होते. तिथे नव्या जातीचे धागे तपासायला यायचे, नायलॉनचे आणि तसल्याच कारखान्यात तयार झालेल्या इतर पदार्थांचे. माझी खोली सगळ्यात आतली. खिडक्यांना काळं कापड, दाराला दुहेरी पडदा, भर दुपारीही आत मिट्ट काळोख. मधोमध टेबलावर पाऱ्याच्या वाफेचा दिवा आणि त्याच्यापुढे जवळजवळ काळी दिसणारी जांभळी काच. त्या काचेतून जो प्रकाश यायचा तो डोळ्यांना दिसत नसे. पण त्याच्यापुढे नायलॉनचा धागा धरला की धागा स्वतःच मंद उजळायचा. नवाकोरा असेल तर निळसर, स्वच्छ. दिव्याला जळकट वास यायचा, आणि रंगीत चष्मा लावल्याशिवाय तिथे थांबायला बंदी होती.

आमचे साहेब समजावून सांगण्यात पटाईत. ते म्हणायचे, "बाई, नायलॉन म्हणजे कड्यांना कड्या अडकवलेली लांबच लांब साखळी. ऊन आणि हवा मिळून ती मधेच कुठेतरी तोडतात. तुटल्या जागी काहीतरी नवीन तयार होतं, आणि ते नवीन प्रकाशाला वेगळं उत्तर देतं. आपण फक्त उत्तर ऐकायचं." गच्चीवर लाकडी चौकटींवर धागे ताणून उन्हात ठेवलेले असत. दर महिन्याला त्यांतला एकेक तुकडा कापून मी खाली आणायची आणि दिव्याखाली धरायची. त्याची चमक लोलकातून फाकवून फोटोच्या काचेवर उतरवायची. दुसरं एक यंत्र होतं, त्यात उष्णतेचे किरण धाग्यातून जायचे आणि पेन आपोआप कागदावर डोंगर-दऱ्या काढायचं. महिन्यामागून महिने गेले की निळा रंग विझत जायचा, त्याच्या जागी मळकट पिवळा यायचा, आणि कागदावर जिथे आधी सपाटी होती तिथे नवी दरी पडायची.

मला त्या कामाची भीती वाटायची. आता बोलायला काय हरकत आहे? ज्या धाग्यात दरी पडलेली असे तो हाताला अगदी चांगला लागायचा. पांढरा, गुळगुळीत. ओढून बघितला तर तुटायचा नाही. पण आतून त्याचं सुरू झालेलं असायचं, आणि ते फक्त मला आणि साहेबांना ठाऊक असायचं. एकदा मी म्हटलंही, "साहेब, हे अभद्र काम आहे. जिवंत माणसाची पत्रिका बघून मरणाची वेळ सांगण्यासारखं." ते हसले. मी काही हसले नाही.

आमचा कोळीवाडा चौलच्या पुढे, खाडीच्या काठाला. आई मी शाळेत असतानाच गेली. घरात बा, माझा मोठा भाऊ आणि वहिनी. बाची कंबर धरल्यापासून त्याने समुद्रावर जाणं सोडलं होतं, आणि दादा आमच्या मासेमारीच्या मचव्याचा तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, झाला होता. मचवा दादाचा, पण दोर, जाळी आणि शीड ही सगळी बाची. किनाऱ्यावर बसून तो त्यांची जी निगा राखायचा, तशी लोक लेकरांची राखत नाहीत. वाड्यात म्हणच पडली होती, की जाळं बघायचं तर त्याचं. जाळी सुती होती तेव्हा तो झाडाची साल उकळून त्या तांबड्या पाण्यात ती बुडवायचा. मचवा आला की दोर विहिरीच्या गोड्या पाण्याने धुवायचा आणि बोंबील वाळवायच्या बांबूंच्या वलांडीवर उन्हात टाकायचा. नुसता टाकायचा नाही, एक लाकडी खुंटी घेऊन हाता-हातावर दोराचे पेड सैल करायचा, म्हणजे ऊन दोराच्या पोटात जावं. "बुरशी पोटात बसते गो," तो सांगायचा, "वरून सुकलेला दोर आतून कुजतो." आणि ते खरंच होतं. काथ्याचा दोर, तागाचा दोर, सुताचा दोर, सगळे ओलाव्याने मरतात. ऊन हे त्यांचं औषध. बापजाद्यांपासून चालत आलेली रीत, कोण खोटी म्हणेल?

मग गावच्या मच्छीमार सोसायटीत नायलॉनचा दोर आला. एकाच गठ्ठ्यातून ज्याने-त्याने घेतला. आमच्या दादाने नांगरासाठी घेतला आणि शेजारच्या काकानेही घेतला. हा काका आमच्या लांबच्या नात्यातला, आणि वाड्यातला एक नंबरचा आळशी. मचवा लागला की दोर तसाच ओला, चिखलाने भरलेला, होडीखालच्या सावलीत ढकलून द्यायचा, वर दोन झावळ्या टाकायच्या आणि हा चालला माडी प्यायला. बा त्याला रोज शिव्या घालायचा. "लक्ष्मीला लाथ मारतो मेला! कुजंल तो दोर, तवा कळंल." काका दात काढून म्हणायचा, "कुजंल तवा बघू."

शिमग्याला मी घरी गेले. आमच्याकडे शिमगा म्हणजे मोठा सण. मचवे रंगवलेले, होळीभोवती नाच, आणि घराघरांत पुरणाचा वास. बाने मला वलांडीपाशी नेलं आणि दोर दाखवला. "बघ, आख्खा हंगाम झाला, तरी कसा दुधासारखा हाय!" होताही तसाच. मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. म्हटलं, "बा, एक वीतभर तुकडा दे. साहेबांना दाखवते, कोळी माणूस वस्तू कशी राखतो ते." त्याने टोकाकडचा तुकडा स्वतः कापून दिला, तुटल्या जागी पेड सुटू नयेत म्हणून सुतळीने बांधूनही दिला.

मुंबईला आल्यावर कौतुकाने तो दिव्याखाली धरला. निळा औषधालाही नव्हता. आमच्या गच्चीवरच्या सगळ्यात जुन्या धाग्याचा रंग बरा म्हणावा, असा मळकट पिवळा. मी म्हटलं, वरवरचं असेल, दोर जाड आहे, आतले धागे तर ऊन कधी बघत नाहीत. पेड उलगडले. आतही तेच. तेव्हा मला बाची खुंटी आठवली, पेड सैल करून ऊन पोटात घालणारी.

साहेबांनी धागा ओढून तोडायच्या यंत्रात घातला. नव्या धाग्याला जेवढा जोर लागतो त्याच्या निम्माही लागला नाही. पण साहेब सावध माणूस. म्हणाले, "एका तुकड्यावरून काही सांगू नये, बाई. कदाचित माल मुळातच वाईट असेल. त्याच गठ्ठ्यातला, पण वेगळा वापरलेला दोर मिळतो का बघा."

वेगळा वापरलेला म्हणजे कुणाचा, हे मला विचारावं लागलं नाही. पुढच्या सुट्टीला गेले आणि काकाकडे तुकडा मागितला. तो म्हणाला, "ने की सगळा! तुझ्या बापाच्या तोंडावर मार!" मी वीतभर तुकडाच कापून घेतला; चिखल आणि शेवाळ लागून तो असा झाला होता की हातात धरवेना. मुंबईत तो साबणाने धुतला, पेड उलगडले, दिव्याखाली धरला. निळा. वरचा थर जरासा मंदावलेला, पण आत अगदी दुकानातून आणल्यासारखा. यंत्राच्या कागदावर दरीच नाही. गठ्ठा एक, समुद्र एक, दिवसही तेवढेच. फरक फक्त उन्हाचा. आळशाचा दोर शाबूत आणि राखणाऱ्याचा मेलेला! मी त्या काळोखात बसून रडले, आणि रडता रडता मला रागही आला. कोणाचा, ते तेव्हा सांगता आलं नसतं.

मे महिन्यात रजा टाकून पुन्हा घरी गेले. हंगामाच्या शेवटच्या फेऱ्या राहिल्या होत्या. या दिवसांत समुद्र लबाड असतो, सकाळी ताटातल्या पाण्यासारखा आणि दुपारी काळं आभाळ. खाडीच्या तोंडाशी खडक आहेत. वारा उलटला की मचव्याला तिथे नांगरावरच तगून राहावं लागतं, आणि नांगर म्हणजे दोर. एकच दोर. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं आणि लाँचमध्ये बसल्यापासून डोक्यात तेवढंच घुमत होतं. दादा त्या दोरावर जातोय.

घरात पाऊल टाकल्या टाकल्या मी बोलले. जरा दम धरायचा, पाणी प्यायचं, गोडीगुलाबीने घ्यायचं, हे माझ्या स्वभावातच नाही. "बा, तो दोर टाकून दे. मेलाय तो. तुझ्या उन्हाने मेलाय."

बा जाळं विणत बसला होता. त्याने मान वर केली. "काय बोललीस?"

मी सगळं सांगितलं. साखळी सांगितली, दिवा सांगितला, काकाचा दोर सांगितला. काकाचं नाव निघालं आणि तो उसळला. "त्या आळशाचा दोर बरा न् माझा वाईट? ह्ये शिकवतात तुना मुंबईत? उनानं कंदी कुणाचं वाईट झालंय? सूर्यनारायण हाय तो!" तरातरा उठून त्याने दोर आणला, एक टोक खांबाला बांधलं, दुसरं कमरेला गुंडाळून सगळ्या अंगाने मागे ताणला. खांब करकरला, दोर ताठ झाला, तुटला नाही. "बघ! हातच्या काकनाला आरसा कशाला?"

"तुझ्या हाताला नाही तुटणार, बा. वाऱ्याला तुटेल."

"गप! अभद्र बोलू नको. पोर मचव्यावर जातो माझा."

"म्हणून तर बोलतेय!"

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिने मला डोळ्यांनी खुणावलं आणि मी गप्प झाले. बा दिवसभर माझ्याशी बोलला नाही. पुटपुटत मात्र होता, "उंटावरचा शहाणा आलाय घरात." मला इतका संताप आला होता की जेवण गेलं नाही.

दादा किनाऱ्यावर मचव्याच्या फटीत कापूस भरत होता. तिथे जाऊन मी त्याला सगळं सांगितलं. तो माझ्यापेक्षा मोठा, पण मी लहान असल्यापासून माझं बोलणं मधे न तोडता ऐकणारा जगात तो एकटाच माणूस. ऐकून घेतलं, हातातलं काम ठेवलं आणि विचारलं, "तुना खात्री हाय, बाय?"

"हाय."

"मंग झालं. बदलतो."

एवढंच. दिवा नको, कागद नको. मी म्हटलं, "आणि बाला काय सांगशील?"

"बाला कशाला दुखवायचा? म्हातारा त्या दोरासाठी जीव टाकतो. तुझ्यानं मेला असं त्याच्या तोंडावर बोलू? बगतो मी, तू निर्धास्त जा."

दोन टोपल्या सुके बोंबील देऊन त्याने काकाचा दोर घेतला. काकाने आपला मचवा हंगाम संपायच्या आधीच किनाऱ्यावर ओढला होता; त्याला दोराची गरज नव्हती आणि बोंबलाची होती, त्यामुळे सौदा लगेच जमला. आमचा दोर त्याने गुंडाळून माळ्यावर टाकला. बाने विचारलं तेव्हा दादाने सांगितलं, "तुझा दोर चांगला हाय, बा. शेवटच्या दोन फेऱ्यांना तो कशाला झिजवायचा? पुढच्या हंगामाला ऱ्हाऊ दे." बा खूश झाला. मला ऐकू जाईल असं मुद्दाम मोठ्याने म्हणाला, "बघ, पोराला पारख हाय!" दादाने माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. मीही हसले, आणि दुसऱ्या दिवशी मुंबईला निघाले. लाँचवर पहिल्यांदा माझा जीव थाऱ्यावर आला होता.

त्यानंतर प्रयोगशाळेच्या दारात गावचा माणूस उभा दिसला तो दिवस. त्याने तोंड उघडायच्या आधीच मला कळलं. असं कळतं. कसं ते विचारू नका.

काय झालं ते मला वहिनीने आणि मचव्यावरच्या एका खलाशाने सांगितलं, तो पोहून वाचला होता. शेवटच्या फेरीच्या दिवशी ओहोटीत मचवा चिखलावर बसला होता आणि दादा सोसायटीत गेला होता. बा सहज मचव्यापाशी गेला. तिथे त्याला काकाचा काळा, बुळबुळीत दोर नांगराला बांधलेला दिसला. त्याच्या मनात काय आलं असेल ते मला अगदी समोर दिसतं. माझा पोर माझा चांगला दोर वाचवायला म्हणून हे कुजकं घेऊन समुद्रावर जातोय! दोर मोठा की पोर? त्याने काकाचा दोर सोडला. माळ्यावरून आपला काढला, कमरेत कळ येत असताना खांद्यावर घातला आणि नेऊन नांगराला बांधला. वहिनी म्हणाली, "वन्सं, ह्यांनीच दोर चांगला हाय सांगितलं, मना खरं वाटलं. मीच दुसरं टोक धरून चालले मामंजींच्या मागनं." आणि ती तोंडात पदर कोंबून बसली.

मचवा भरतीला सुटला. दुपारनंतर खाडीच्या तोंडाबाहेर नांगर टाकायला म्हणून दादाने फळी उचलली तर खाली पांढरा दोर. खलाशी सांगत होता, "तांडेल बगतच ऱ्हायला. मंग हसला. बोलला, बाचा हात लागलाय, आता काय करायचा?" परत फिरायचं तर भरती उलटलेली, आणि समुद्र शांत. त्याने दोर दुहेरी करून बांधला आणि नांगर टाकला. वारा संध्याकाळच्या आत आला. दुहेरी दोर, पण दोन मेलेले मिळून एक जिवंत होत नाही. आधी एक तुटला, पाठोपाठ दुसरा. मचवा खडकावर गेला. दादा नागावच्या किनाऱ्याला मिळाला.

मी बाशी बोलले नाही. दिवसकार्य होईपर्यंत एका घरात राहून त्याच्याशी एक शब्द बोलले नाही. मला त्याचा राग होता, इतका की त्याचा चेहरा बघवत नव्हता. त्याने एकदाच विचारलं, "दोर खडकानं कापला असंल, न्हाय गो?" मी पिशवी उचलली आणि मुंबईला आले. सांगितलं होतं तेव्हा ऐकलं नाहीस ना? मग आता बस विचारत. हे मी मनात म्हणत होते, आणि अजूनही कधीकधी म्हणते.

पाऊस धरला. लाँच बंद झाल्या. आणि एक दिवस शिपाई सांगत आला, बाई, तुमचे वडील आलेत. पनवेलवरून एस.टी.ने आला होता, भिजलेला, कंबर धरून. खिशातून त्याने फडक्यात बांधलेला तुटका दोर काढला. मचव्याच्या नाळेला, पुढच्या टोकाला, बांधलेला तुकडा राहिला होता, तो त्याने कापून आणला होता. म्हणाला, "मना दाखव."

"काय दाखवू?"

"तुझा दिवा. दाखव मना. खडकानं कापला का काय झालं, बगू दे."

साहेब बाजूला झाले. बाने वहाणा दाराबाहेर काढल्या, देवळात काढतात तशा. मी त्याला रंगीत चष्मा दिला, तो त्याने उलटा लावला, मग मी सरळ करून दिला. खरं सांगते, त्या वेळी मला त्याला दाखवायचंच होतं. महिनाभर तेच तर मनात घोकत होते. काळ्या पुठ्ठ्यावर मी तीन तुकडे ठेवले. एक नवाकोरा, एक काकाचा धुतलेला आणि तिसरा तो तुटका, पेड उलगडून. पडदा ओढला, दिवा लावला.

तिन्ही उजळले. बाने बराच वेळ बघितलं. त्याच्या श्वासाचा आवाज येत होता. मग तो वाकला आणि मधल्या, निळ्या स्वच्छ तुकड्याजवळ त्याने बोट नेलं. त्याच्या आवाजात एकदम जीव आला.

"ह्यो माझा. बघ, कसा राखलाय! ह्यो तुटायचा न्हाय गो. खडकानंच कापला."

माझा सगळा राग कुठे गेला कुणास ठाऊक. खोटं बोलावंसं वाटलं. हो म्हणावं, दिवा विझवावा आणि त्याला घरी पाठवावं. पण घरी गेल्यावर हा काय करणार? वाड्यातल्या सगळ्यांचे दोर याच्याकडे बघून उन्हात पडायचे. ज्याला त्याला हाच सांगायचा, खुंटी घ्या, पेड सैल करा, पोटात ऊन जाऊ द्या. तो वाचलेला खलाशी आता दुसऱ्याच्या मचव्यावर जाणार होता.

मी त्याचं बोट धरलं आणि हळूच बाजूला नेऊन मळकट पिवळ्या तुकड्यावर ठेवलं.

"ह्यो तुझा, बा. तो काकाचा."

पिवळ्या धाग्यांवरून त्याने बोट फिरवलं, तुटक्या टोकापर्यंत नेलं आणि पुन्हा मागे आणलं. मग त्याने काकाच्या तुकड्याकडे बघितलं.

"म्हंजे ह्यो नांगराला व्हता," तो म्हणाला. "ह्यो निळा. पोरानं बांधलेला. न् मी सोडला."

"व्हय, बा."

"त्याला ठावं व्हतं?"

"मी सांगितलं होतं त्याला."

"मंग मना का न्हाय बोलला तो? माझा दोर चांगला हाय बोलला. तू ऐकलंस ना? चांगला हाय, पुढच्या हंगामाला ऱ्हाऊ दे, असाच बोलला ना?"

"तुला वाईट वाटेल म्हणून, बा. तुझं मन मोडायचं नव्हतं त्याला."

बाने चष्मा काढला. दिव्याकडे बघू नको म्हणून मी त्याच्या डोळ्यांवर हात धरला, तर माझा तळवा ओला झाला.

"मोडायचं व्हतं गो," तो म्हणाला. "मोडायचं व्हतं त्यानं."